जाऊ म्हणजे इकिमाशो

“काएरिमासेन का?” तू विचारलंस. मी म्हटलं, “नाही.”

एवढंच झालं. दुपारचे तीन वाजले असतील. चिखलीचा दवाखाना, भिंतीकडची खाट. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क तू दोन बोटांनी वर धरला होतास, कारण त्यातून बोललेलं कळत नव्हतं. तुझा सुनील स्टुलावर बसून मोबाईल बघत होता. त्यानं मान वर केली. “काय म्हणते आई?”

“काही नाही. जपानी बोलून राह्यली.”

तो हसला. त्याला वाटलं, आईला आज बरं आहे.

मी तुला परत म्हटलं, “नाही जात मी घरी. इथंच बसून हाय.” तू माझ्याकडे पाहत राहिलीस. मग मास्क खाली सोडलास आणि भिंतीकडे तोंड केलंस. मला वाटलं, डोळा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तू गेलीस. तेव्हा मी नळावर तोंड धूत होते.

कौतिके, तू मला घरी जात नाहीस का असं विचारलंच नव्हतंस. तू मला बोलावत होतीस. चला, घरी जाऊ, असं म्हणत होतीस. जपानीत माणूस माणसाला बोलावतो ते असंच बोलावतो, “जात नाही का” म्हणून. आणि मी तुला तोंडावर नाही म्हटलं.

याला आज अकरा दिवस झाले.

परवा तुझा जलदान विधी झाला. विहारापुढे मंडप टाकला होता. भन्तेजींचं झाल्यावर शाळेतले गुरुजी बोलले. कौतिकाबाई अत्यंत शांत, मनमिळाऊ, कधी कोणाला दुखावलं नाही. मी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून ऐकत होते. तू आणि शांत! माझ्या शेळीनं तुझ्या कुरडया खाल्ल्या म्हणून तू तीन वर्षं माझ्याशी बोलली नव्हतीस. एका अंगणात राहून तीन वर्षं. शेळी मेली तेव्हा आलीस आणि म्हणालीस, “आता बोलू.” फोटोखाली तुझी जन्मतारीख एक जून लिहिली आहे. ज्यांची कोणालाच माहीत नाही त्या सगळ्यांची शाळेत एक जूनच लिहीत. माझीही तीच आहे. म्हणजे कागदावर आपण एकाच दिवशी जन्मलो. तुला हे कळलं असतं तर गावभर सांगत फिरली असतीस.

मला तिथं बोलायला सांगितलं होतं. मी नको म्हणून मान हलवली. मंडपात उभं राहून काय सांगणार होते? ही माझी धाकटी जाऊ, हिनं शेवटी माझ्याजवळ एक गोष्ट मागितली आणि मी नाही म्हटलं, हे? माझी शाळा चौथीपर्यंत. पण लिहिता येतं. म्हणून हे लिहिते.

हे जपानी आपल्या घरात आणलं प्रज्ञानं. माझी नात, पण माझ्या ओट्यावर कमी आणि तुझ्या ओट्यावर जास्त वाढलेली. नर्सिंग झालं, पुण्याला जाऊन काही महिने जपानी शिकली, आणि कागदपत्रं होईपर्यंत घरी येऊन मोबाईलवर क्लास करू लागली. मोबाईलला रेंज फक्त तुझ्या ओट्यावर यायची. म्हणून शाळा तुझ्या दारात भरली, आणि तू लगेच मालकीण असल्यासारखी वागू लागलीस. मला म्हणायचीस, “बाई, चपला बाहेर काढा. क्लास सुरू हाय.”

विहारात लोक तिला म्हणाले, बुद्धाच्या देशात चाललीस, नशीबवान आहेस. तू तिथंच बोललीस, “बुद्ध तं इकडचा. तिकडं तं तो पाव्हणा गेला होता.”

तिला तिकडे म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची होती. एक दिवस ती दोघींसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “मले दोन म्हाताऱ्या पाह्यजेत.”

“कायले?” मी विचारलं.

“उठवाले, बसवाले, चालवाले.”

“आम्ही काय बैल हाव?” तू म्हणालीस. पण बाजेवर जाऊन आधी तूच आडवी झालीस.

प्रज्ञा वाकली, तुझ्या पाठीखाली हात घातला आणि म्हणाली, “कौतिकासान, ओकिमाशो.” तू डोळे उघडून विचारलंस, “सान काऊन? मी मोठी हाय.” मग तिनं सांगितलं की सान म्हणजे बाई, मानाचं आहे, आणि ओकिमाशो म्हणजे उठू या.

मला पटलं नाही. मी म्हटलं, “उठू या कसं? तू तं उभीच हायस. उठाचं तं तिले.”

“तसंच म्हणा लागते आजी. म्हाताऱ्या माणसाले ऊठ म्हणाचं नसते. आपण दोघी उठू, असं म्हणाचं.”

तू पडल्या पडल्या म्हणालीस, “लेकराले दवा पाजतो तसं. चला, आता आपण दवा घेऊ. अन् पेते लेकरू एकटंच.”

प्रज्ञा म्हणाली, क्लासमध्ये इतक्या जणांनी इतके प्रश्न विचारले, पण हे कोणाला सुचलं नाही. त्या दिवसापासून तू फुगलीस ती फुगलीसच.

मग एकेक येत गेलं. ताबेमाशो, जेवू या. आरुकिमाशो, चालू या. यासुमिमाशो, थोडं पडू या. आपण दोघी अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचो आणि ती मधे आपले कोपर धरून आरुकिमाशो आरुकिमाशो करायची. शेजारची बायकामाणसं कुंपणावरून बघायची. जपानीत हो म्हणायला हाय म्हणतात, हे कळल्यावर तू म्हणालीस, “हे तं आपलंच हाय.” सोबत याला इश्शोनी म्हणतात हे कळल्यावर तुला इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला. “सोबत चाल म्हणताना ते लोक इश्श म्हणून लाजतात का काय?” सत्तरी ओलांडलेली बाई, इश्शोनी म्हणून स्वतःच लाजून दाखवत होतीस.

एक दिवस प्रज्ञानं पाटीवर लिहिलं, इकिमाशो, आणि पुढे मराठीत, जाऊ. तू अक्षर लावून वाचलंस. तुझी शाळा माझ्याहून दोन वर्षं कमी, पण पाटीजवळ नाक नेऊन वाचलंस, “जाऊ.” मग माझ्याकडे वळलीस. “मंग मी तुमची कोण?”

“कोण म्हणजे?”

“मी तुमची जाऊ. म्हणजे मी तुमची इकिमाशो!”

प्रज्ञा खाली बसून हसली. मला हसायचं नव्हतं तरी आलं. तेव्हापासून तू मला अंगणातून हाक मारायचीस, “ओ इकिमाशोबाई!” गावातली पोरं तेच म्हणू लागली. मी रागवायचे. आता कोणी म्हणत नाही. त्यांना कोणीतरी गप्प केलं असेल.

मग तो धडा आला. मासेन का. बोलावण्याचा धडा.

प्रज्ञानं समजावलं. मासेन म्हणजे नाही. पुढे का लावला की झालं विचारणं. त्यांचाही का आपल्यासारखाच वाक्याच्या शेवटी बसतो, हे मला आवडलं. मला शिकताना एवढीच एक गोष्ट सोपी गेली. नोमिमासेन का, म्हणजे चहा पीत नाही का. पण त्याचा अर्थ, चहा घेता का, या ना, असा. इकिमासेन का, येत नाही का, म्हणजे चला ना सोबत.

मी म्हटलं, “आपल्याकडं असं इचारलं तं भांडण होते. जेवत नाही का म्हणलं तं माणूस म्हणन, काऊन, म्या काय केलं?”

“तिकडं हे लई आदराचं असते आजी.”

“नाही घालून आदर? उलटं हाय.”

तू वादात न पडता पाटीवरचे शब्द बोटानं गिरवत बसलीस. हे तुझं नेहमीचं नव्हतं. थोड्या वेळानं म्हणालीस, “मले आवडलं.”

“काय आवडलं?”

“हे मासेन का. मले या घरात कोणी काही इचारलं नाही, बाई. चाल म्हणले, चालली. थांब म्हणले, थांबली. तुम्हीच पह्यलं काय बोलले होते मले, आठवते का?”

मला आठवत नव्हतं. तुला आठवत होतं. तू नवी नवरी म्हणून दारात उतरलीस, तुला ओट्यावर बसवलं, आणि मी घरातून येऊन म्हटलं होतं, “बसली काऊन? हंडा घे.” पन्नास वर्षं तू ते लक्षात ठेवलंस आणि मला एका जपानी धड्याच्या दिवशी सांगितलंस. मी म्हटलं, मलाही सासूनं तसंच म्हटलं होतं. ते खरं आहे. पण तो काही जबाब नव्हे, हे तेव्हाही मला कळत होतं.

तू म्हणालीस, “‘मासेन का’मध्ये नाही म्हणाची जागा ठेवली हाय. समोरच्याले वाटलं तं त्यानं नाही म्हणावं. कोणी आपल्यासाठी अशी जागा ठेवली होती का?”

मी म्हटलं, “जागा ठेवली की लोक तिथं येऊनच बसतात. त्यापेक्षा माशो बरं. चला म्हटलं, चालले. नाहीचं कामच नाही त्याच्यात.”

यावर आपला वाद झाला आणि तो शेवटपर्यंत संपला नाही. तू ‘मासेन का’वाली, मी ‘माशो’वाली. प्रज्ञा सांगून थकली की दोन्ही बरोबर आहेत, आधी मासेन का विचारायचं, समोरचा हो म्हणाला की माशो म्हणायचं, दोन्ही जोडीनं चालतात. आपण दोघींनी ऐकलं नाही. जोडीनं चालणं आपल्याला कुठं माहीत होतं?

नाही कसं म्हणायचं तेही त्याच धड्यात होतं. ते लोक नाही म्हणतच नाहीत. चोत्तो म्हणतात आणि थांबतात. चोत्तो म्हणजे थोडं. थोडं काय, ते सांगायचं नाही. पुढचं समोरच्यानं समजून घ्यायचं. मला हे काही केल्या जमलं नाही. प्रज्ञा विचारायची, “आजी, इकिमासेन का?” आणि मी म्हणायचे, “नाही. गुडघे दुखतात.” ती कपाळाला हात लावायची. “आजी, सरळ नाही नको म्हणू न.” तुला मात्र चोत्तो जन्मापासून येत असल्यासारखं आलं. सुनील जळगाव जामोदच्या लग्नाला चल म्हणाला तर तू त्याच्याकडे बघून गोड हसलीस आणि म्हणालीस, “चोत्तो...” तो वाट बघत उभा राहिला. पुढे काही येईना. शेवटी एकटाच गेला. तू मला डोळा मारलास.

आणखी एक गोष्ट आहे. ती मला लिहायची नव्हती.

प्रज्ञानं सांगितलं होतं की माशो हे मानाच्या माणसासाठी. अगदी आपल्या माणसाला वेगळं म्हणतात. इकिमाशो नाही, नुसतं इकोऽ. बहिणीला, मैत्रिणीला. घरी जाऊ असेल तर काएरोऽ. तू माझ्याकडे बघितलंस आणि विचारलंस, “बाईले इकोऽ म्हटलं तं चालन का?”

प्रज्ञाला बोलू न देता मी म्हटलं, “नाही. मी मोठी हाय. माशो म्हण.”

तू हाव म्हणालीस. तू मला लग्नापासून तुम्हीच म्हणत आलीस. जपानीत तेवढी एक फट होती, मी तीही बंद केली. का केली? सवय. दुसरं काही कारण देता येत नाही.

प्रज्ञा गेली तेव्हा चिखलीच्या स्टँडवर आपण दोघी गेलो होतो. ती एसटीत बसली. तू खिडकीखाली उभी राहून वर तोंड करून ओरडलीस, “प्रज्ञासान, आम्ही बी इश्शोनी इकिमासेन का?” वाक्य चुकलं होतं म्हणे. पण ती रडली. आख्खी गाडी बघत होती. मी तुला म्हटलं, लेकराला रडवलंस. तू म्हणालीस, “बोलावणं करून घेतलं. नाही तं कोण बोलावते आपल्याले?”

ती गेल्यावर मला वाटलं, आता हे खूळ संपलं. संपलं नाही. रोज दुपारी तीनला तुझ्या ओट्यावरून आवाज यायचा, “बाई, नोमिमासेन का?” आणि मी इकडून म्हणायची, “हाय, नोमिमाशो.” मग मी अंगण ओलांडून यायची. चहा तुझा साखरेचा पाक असायचा, ते मी रोज सांगायची. तू रोज तेवढीच साखर टाकायचीस. पण हे लिहिताना कळतं की मी तेव्हा एकदाही चुकले नाही. एकदाही मला असं वाटलं नाही की तू विचारते आहेस, बाई चहा पीत नाही का. बोलावणं आहे हे मला ठाऊक होतं. वर्षभर रोज ठाऊक होतं.

मग पायावर सूज आली, दम लागू लागला. हृदयाचं काम मंदावलं, छातीत पाणी झालं, डॉक्टर म्हणाले. चिखलीला नेलं. मी सोबत राहिले. माझ्याशिवाय तुला दुसऱ्या कोणाचा हात चालत नव्हता आणि सुनीलच्या बायकोला घर सांभाळायचं होतं.

चार दिवस तू मराठीत मागितलंस. सुनीलला म्हणालीस, “सुन्या, घरी ने.” तो म्हणाला, “डॉक्टर म्हणतील तवा नेऊ, आई.” सिस्टरला म्हणालीस, “जाऊ द्या न बाई मले.” ती म्हणाली, “आजी, दोनच दिवस.” झाडणाऱ्या बाईलाही म्हणालीस. चौथ्या दिवशी मला म्हणालीस, “बाई, तुम्ही सांगा न त्याले. तुमचं ऐकन.” मी सुनीलला बाहेर व्हरांड्यात नेलं. म्हटलं, तिला घरी न्या, तिचं मन तिथं आहे. तो म्हणाला, “मोठी आई, घरी ऑक्सिजन कोण देईन? तुले काही समजते का?” त्याचा आवाज चढला, मग त्याचे डोळे भरले. त्याचा दोष नाही. आईला श्वास मिळत राहावा असं त्याला वाटत होतं. आणि मला खरंच काही समजत नाही. नळी कुठून कुठं जाते, यंत्रावरचा आकडा वर गेला तर बरं की खाली गेला तर बरं, मी रोज विचारायची आणि रोज विसरायची. मी आत आले. तू माझं तोंड बघितलंस आणि विचारलं नाहीस.

पाचव्या दिवशी तू जपानीत विचारलंस. मराठी सगळी वापरून झाली होती.

श्वास एका शब्दापुरताच होता. म्हणून इश्शोनी गाळलंस. सुनील जवळ होता, त्याला कळू नये असंही असेल. आणि काएरोऽ म्हणाली नाहीस, काएरिमाशोही म्हणाली नाहीस. त्या दोन्हींत नाही कुठंच नाही. त्यातलं कोणतंही म्हणाली असतीस तर मला टाळता आलं नसतं. पण मी मोठी, म्हणून आदराचं बोललीस, आणि तुला विचारणंच आवडायचं, म्हणून विचारलंस. माझ्यासाठी नाहीची जागा ठेवलीस, आणि मी तिथं जाऊन बसले. म्हणजे आपल्या वादात मी म्हणत होते तेच बरोबर निघालं. काय करू मी त्याचं?

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी प्रज्ञाचा फोन आला. आपली दुपार म्हणजे तिची संध्याकाळ. ती तिथल्या कपडे धुण्याच्या खोलीत उभी राहून बोलत होती, मागे यंत्र फिरत होतं. म्हणाली, “लहान आजी शेवटी काय बोलली?” मी सांगितलं. जसं होतं तसं सांगितलं.

मग तिनं विचारलं, “इश्शोनी म्हणली होती का?”

“नाही.”

“तरी आजी, ते बोलावणंच असते.”

“मी नाही म्हणली तिले.”

ती रडली नाही. कामावर होती. म्हणाली, “आमच्या इथल्या आज्या रोज सांज झाली की दारापाशी येऊन उभ्या राह्यतात. घरी जाऊ म्हणतात. काहींची घरं आता राह्यली बी नाहीत. आम्ही नाही म्हणत नाही, आजी. तसं शिकवलंच हाय आम्हाले. आम्ही हाय म्हणतो. मंग म्हणतो, आधी चहा घेऊ. त्या चहा घेतात. मंग त्याईले बरं वाटते.”

मी म्हटलं, “म्हणजे खोटं बोलता.”

“खोटं नाही, आजी.”

“मंग काय?”

तिला सांगता आलं नाही. मला वाटतं, तिला चोत्तो म्हणायचं होतं.

फोन ठेवल्यावर आधी मला हलकं वाटलं, हे तुला सांगते. व्याकरणाची चूक झाली, म्हातारीला शब्द कळला नाही, असं म्हणून मला सुटता आलं असतं. दोन दिवस मी तसं म्हणून पाहिलं. सुनीलच्या बायकोलाही तसंच सांगितलं. पण रोजच्या चहाचं मी वर लिहिलंच आहे. मला तो शब्द येत होता. तू मास्क वर केलास तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघूनच मला कळलं होतं की ही मला घरी ने म्हणते आहे. आणि मला भीती वाटली. हाय म्हटलं तर न्यावं लागेल, असं वाटलं. तुला उचलणार कोण, सुनीलशी भांडणार कोण, जीप कोण बोलावणार? माझ्यानं तर तुझी कूसही एकटीनं बदलत नव्हती. म्हणून मी त्या शब्दातलं नाही तेवढं ऐकलं आणि नाही म्हणून मोकळी झाले.

मला खोटं बोलता येत नाही, हे मी गावात मिरवत आले. कोणाचं वाईट दिसलं तर तोंडावर बोलले, लोकही मला तशीच ओळखतात. त्या दिवशी मला एक शब्द खोटा बोलायचा होता. हाय, काएरिमाशो. एवढं म्हटलं असतं तर खाट जागची हलली नसती, नळी निघाली नसती, डॉक्टर रागावले नसते. तू तिथंच राहिली असतीस आणि दुसऱ्या दिवशी साडेसातला गेलीच असतीस. पण कोणीतरी हो म्हटलं, हे घेऊन गेली असतीस. बोलावणं करून घेणारी बाई तू. आणि ते खोटं असतं का, हेही मला आता नक्की सांगता येत नाही.

तू राहिली असतीस तर म्हणाली असतीस, “जाऊ द्या बाई, झालं ते झालं.” म्हणून तर मला राग येतो. मला माफ करायला तू नाहीस, आणि तुझ्या वतीनं मीच मला माफ करू, हे मला जमणार नाही. तुझं ऋण आहे, उपकार आहेत, असंही गुरुजींसारखं लिहिणार नाही. एवढं लिहिते की इतकं आयुष्य गेलं आणि मला रोज बोलावणारी तू एकटीच होतीस. आणि मी रोज येत होते. एक दिवस सोडून.

काल दुपारी तीनला मी तुझ्या ओट्यावर जाऊन बसले. सुनीलच्या बायकोनं चहा आणून समोर ठेवला. साखर बरोबर होती. मला काहीतरी म्हणायचं होतं, पण नोमिमाशो म्हणायला समोर कोणी नव्हतं. संध्याकाळी प्रज्ञाला फोनवर विचारलं, “एकटीले म्हणाचं असन तं काय म्हणतात?”

ती म्हणाली, “मंग माशो नसते, आजी. मंग नुसतं नोमिमास. मी पेते.”

आज मी तेच म्हटलं आणि कप रिकामा केला.

दवाखान्यातल्या त्या खोलीत तो शब्द कळणाऱ्या आपण दोघीच होतो. एकीनं विचारलं आणि ती गेली. जिनं नाही म्हटलं ती मी, आणि मी जिवंत आहे.